आज्जीचं पशुपतिनाथ: सोलापूर ते काठमांडू, खर्चाचा खरा हिशेब

एका आज्जीला आणि सोबत एका नातवाला सोलापूरहून काठमांडूला न्यायचं, पाच रात्री तिथं राहायचं, पशुपतिनाथाचं निवांत दर्शन घडवायचं आणि सुखरूप घरी परत आणायचं, याला आज साधारण एक लाख रुपये लागतात. रेल्वे आणि बसनं गेलात तर पासष्ट-सत्तर हजारांत भागतं. यात्रा कंपन्यांच्या पत्रकात मात्र याच प्रवासाला माणशी पंचवीस हजारही दिसतात आणि साठ हजारही. हा फरक कुठून येतो, कोणता पैसा वाचवावा आणि कोणता अजिबात वाचवू नये, हे इथं मांडतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही किती ठिकाणं जोडता आणि आज्जीचे गुडघे किती साथ देतात, यावर या यात्रेचा खर्च ठरतो. ठिकाणं कमी करा आणि वाचलेले पैसे तिच्या आरामावर घाला.

सोलापुरात ही ओढ जुनी आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं पायी फिरून आलेल्या, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांवरून नजर न हटणाऱ्या आज्ज्या इथं घरोघरी आहेत. त्यातल्या कितीतरी जणी पन्नाशी-साठीत यात्रा कंपनीच्या बसनं केदारनाथला जाऊन आल्या. पांडवांपासून लपण्यासाठी शिवानं रेड्याचं रूप घेतलं, पाठ केदारला राहिली आणि मुख नेपाळात प्रकटलं, ही कथा त्यांना पाठ असते. म्हणून केदारनंतर पशुपतिनाथ केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं त्या मानतात. माझी आज्जी एवढंच म्हणायची, ‘पाठ बघितली रे, तोंड बघायचं राहिलंय.’ हे राहिलेलं दर्शन पुरं करायला निघालेल्या नातवंडांसाठी हा सगळा हिशेब. आज्जी सोबत येणार असेल तरी आणि आता फक्त तिच्या नावानं जायचं असेल तरी.

सगळ्यात आधी कागद

नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही. पण विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक हवंच. आधार कार्ड फक्त पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या ज्येष्ठांना चालतं. नेमकी इथंच घरच्यांची फसगत होते. आज्जीचं आधार चाललं म्हणून तिशीतला नातू स्वतःचंही आधारच घेऊन गेला, तर त्याला चेक-इनच्या खिडकीवरून परत फिरावं लागेल. मग आज्जीही एकटी जाणार नाही आणि दोन्ही तिकिटांचे पैसे पाण्यात. नातवानं मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात, हातात धरता येईल असं घ्यावं. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स यांवर विसंबू नये.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडच्या सत्तरी-ऐंशीतल्या बायकांच्या मतदार कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं असतं. कुठं माहेरचं, कुठं सासरचं, कुठं ‘बाई’ लावलेलं, कुठं आडनावाचं स्पेलिंग वेगळं. तिकीट काढण्याआधी कार्ड समोर ठेवा आणि त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच टाइप करा. आपण घरी तिला काय म्हणतो ते तिकिटावर घालू नका. नावातली दुरुस्ती नंतर करायची तर विमान कंपन्या पैसे घेतात, आणि काही वेळा तिकीटच नव्यानं काढायला लावतात.

पासपोर्ट काढून ठेवायचाच असेल तर सोलापुरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. छत्तीस पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते, म्हणजे आज्जीला १,३५० रुपये. तातडीत काढायचा तर वर २,००० रुपये. फक्त नेपाळसाठी हा खर्च करायची गरज नाही. पण मतदार कार्ड आणि आधार यांत नावाचा मोठा गोंधळ असेल, तर एक पासपोर्ट सगळं सरळ करून टाकतो.

आज्जीला झेपेल का, हे सोलापुरातच तपासा

पैशाचा हिशेब मांडण्याआधी एका सकाळी तिला सिद्धेश्वर मंदिरात घेऊन जा. गाडी बाहेर लावा, तळ्यातल्या वाटेनं गाभाऱ्यापर्यंत चालत जा, रांगेत उभे राहा, दर्शन घेऊन तसंच चालत परत या. वाटेत ती कितीदा बसते, परतल्यावर दुपारी पाय चेपून घेते का, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायची तयारी असते का, हे पाहा. पशुपतिनाथाच्या आवारात चालणं याहून जास्त होतं, कारण देऊळ एकटं नाही. बागमतीच्या दोन्ही काठांवर पसरलेला तो मोठा परिसर आहे आणि नदीकडच्या बाजूला पायऱ्या आहेत. इथं ती दमत असेल तर तिथं चाकाची खुर्ची लागणार, असं धरूनच चला.

उंचीचा प्रश्न अनेकांना छळतो, पण काठमांडूपुरतं घाबरण्याचं कारण नाही. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वराएवढं. नेपाळातलं दुसरं तीर्थ मुक्तिनाथ मात्र ३,७०० मीटरच्या वर आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, हे लक्षात घेतलं की मुक्तिनाथ काय चीज आहे ते कळतं. वीस वर्षांपूर्वी केदार चढलेली आज्जी आज त्याहून उंच जागी न्यायची का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे, यात्रा कंपनीला नाही.

कारण कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं. ‘आज्जींना घेऊन एवढ्या लांब जाताय, मग मुक्तिनाथ कशाला सोडता? थोडेच पैसे वाढतील.’ ते थोडे पैसे कसे वाढतात ते पाहा. काठमांडूहून पोखरा दिवसभराचा घाटरस्ता किंवा विमान. पोखऱ्याहून जोमसोमला वीस मिनिटांचं छोटं विमान, जे सकाळी वारा सुटण्याआधीच उडतं आणि हवा बिघडली की रद्द होतं. रद्द झालं तर एक-दोन दिवस पोखऱ्यात मुक्काम, नाहीतर खडबडीत रस्त्यानं जीपचे आठ-दहा तास. जोमसोमहून पुन्हा जीप, आणि शेवटी पायऱ्या किंवा घोडा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राच्या परवान्याचे सार्क देशांच्या नागरिकांना एक हजार नेपाळी रुपये, तो खर्च किरकोळच. पण दोन माणसांचे किमान चार दिवस आणि चाळीस-पन्नास हजार रुपये वाढतात, आणि थकवा पशुपतिनाथाच्या दर्शनालाही खातो. पासष्टीच्या आतली, रोज पाच-सहा किलोमीटर चालणारी आज्जी असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच मुक्तिनाथ जोडा. एरवी नको. आज्जीच्या मागे तिच्या आठवणीनं जाणाऱ्या नातवंडांनी मात्र जरूर जावं, एकशे आठ धारांखालून आपल्या पायांनी फिरून यावं.

विमानानं: एक लाखाचा हिशेब

आता आकडे. हे दोन माणसांचे आहेत, दोन-अडीच महिने आधी बुकिंग केलं असं धरून. सणासुदीत आणि ऐन वेळी यात वीस-तीस टक्के सहज वाढतात.

सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघणारी वंदे भारत दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. माणशी साधारण साडेबाराशे धरा. परतताना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, टू-एसीत, म्हणजे आज्जी झोपून सकाळी घरी. रेल्वेचे दोघांचे मिळून पाच हजार. ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूर-मुंबई विमानसेवाही सुरू झाली आहे. वेळ जुळली आणि भाडं झेपलं तर आज्जीसाठी तो उत्तम पर्याय आहे. पण त्या विमानाच्या भरवशावर त्याच दिवशीचं काठमांडूचं तिकीट काढू नका. मध्ये एक रात्र ठेवा.

मुंबईत विमानतळाजवळ एक रात्र, साडेतीन हजार. मुंबईतल्या टॅक्सीचे तीन हजार. मुंबई-काठमांडू जाऊन-येऊन माणशी तेवीस हजार धरले तर दोघांचे शेहेचाळीस हजार. हाच सगळ्यात मोठा आकडा आणि यातच सगळ्यात जास्त चढउतार. मधे दिल्लीला उतरून जाणारी तिकिटं कधी स्वस्त पडतात, पण दिल्लीच्या टर्मिनलवर आज्जीला चार-पाच तास बसवून दोन-तीन हजार वाचवायचे का, याचा विचार करा. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा. विमानतळावर गेल्यावर मागितली की थांबावं लागतं.

काठमांडूत पाच रात्री, लिफ्ट असलेलं साधं स्वच्छ हॉटेल, रोजचे अडीच हजार भारतीय रुपये, एकूण साडेबारा हजार. हॉटेल देवळाजवळच, गौशाला चौकाच्या परिसरात घ्या. विमानतळही तिथून जवळ आहे. पर्यटकांचं ठामेल बघायला छान, पण तिथून रोज देवळात यायचं म्हणजे गर्दीतून गाडीनं जा-ये आणि आज्जीची पहाट गाडीतच. गाडी चालकासह तीन दिवस, रोजचे चार हजार, एकूण बारा हजार. जेवणखाण दोघांचं सहा दिवसांचं ९,६००. प्रवास विमा दोघांचा चार हजार. पूजा, दक्षिणा, दान पाच हजार. प्रवेश फी, सिमकार्ड, खुर्ची ढकलणाऱ्याचे पैसे मिळून दोन हजार. बेरीज १,०२,६०० रुपये. वर दहा हजार हातचे ठेवा आणि ते खर्च झाले नाहीत तर आनंद माना.

रेल्वेनं: पैसे वाचतात, पण किती?

गोरखपूरमार्गे जाणं हा आपल्या लोकांचा जुना रस्ता. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं मनमाड, तिथून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, पुढं शंभरेक किलोमीटरवर सोनौली, चालत सीमा ओलांडली की भैरहवा, आणि तिथून काठमांडू. थ्री-एसीनं दोघांचे जाऊन-येऊन दहा हजार, गोरखपूर-सोनौली टॅक्सीचे दोन्ही वेळचे पाच हजार, गोरखपुरात जाताना-येताना एकेक रात्र मिळून तीन हजार, भैरहवा-काठमांडू बसचे तीन हजार. काठमांडूत जरा साध्या हॉटेलचे नऊ हजार, गाडीचे बारा हजार, अकरा दिवसांच्या जेवणाचे १३,२००, विमा चार, पूजा पाच, किरकोळ दोन. एकूण ६६,२०० रुपये.

म्हणजे छत्तीस हजारांची बचत. पण त्यासाठी प्रवासात पाच-सहा दिवस जास्त जातात आणि भैरहवा ते काठमांडू हा दोनशे साठ-सत्तर किलोमीटरचा डोंगरी रस्ता आठ-दहा तास खातो. पावसाळ्यात तर तो रस्ता नकोच. १२ जुलै २०२४ रोजी याच महामार्गावर सिमलताल इथं दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. रस्ता टाळायचा म्हणून भैरहवा-काठमांडू विमान घेतलंत तर तिकिटांचे वीसेक हजार जातात, आणि छत्तीस हजारांची बचत एकोणीसवर येते. एकोणीस हजारांसाठी आज्जीला इतके दिवस रेल्वेत, टॅक्सीत आणि सीमेवरच्या धुळीत फिरवणं मला पटत नाही. नातू एकटा जाणार असेल, किंवा गोरखपूर-काशी-अयोध्या हेही करायचं असेल, तर मात्र रेल्वेच बरी.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळं ती हिशेबात धरू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा आहे, पण त्याच तिकिटावर तरुण प्रवासी असेल तर तो लागू होत नाही. आज्जीचं तिकीट त्या कोट्यातून वेगळं काढावं आणि नातवानं त्याच डब्यात जागा मिळवावी, हे चांगलं.

सोलापुरातून निघणाऱ्या काशी-अयोध्या-नेपाळ बसयात्रांचं पत्रक वेगळंच असतं. पंधरा-वीस दिवस, सोबत आचारी, सकाळी पोहे-उप्पीट, रात्री भाकरी-पिठलं, पंचवीस ते पस्तीस हजार माणशी. ओळखीच्या बायकांची सोबत आणि घरच्या चवीचं जेवण ही या यात्रेची खरी कमाई आहे, तिला कमी लेखू नये. कित्येक आज्ज्यांना नातवासोबत विमानानं जाण्यापेक्षा भजनी मंडळासोबत बसनं जाणंच आवडेल. तिला विचारा. फक्त पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: एका खोलीत किती जण, खोली तळमजल्यावर मिळेल का, रात्रीचा प्रवास किती वेळा, आणि आजारी पडून कुणाला मधूनच परतावं लागलं तर पैसे किती मिळणार.

पॅकेज कुठलंही असो, दोन कर वर लागतात. एक पाच टक्के जीएसटी. दुसरा टीसीएस, परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानी गोळा होणारा प्राप्तिकर. नेपाळही त्यात येतं. २०२५-२६ या आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो पाच टक्के होता. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या. हा पैसा बुडत नाही, तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पण आज्जी विवरणपत्र भरत नसेल आणि पॅकेज तिच्या पॅनवर घेतलं असेल, तर तो पैसा मिळवायला आधी तिचं विवरणपत्र भरावं लागेल. बुकिंग विवरणपत्र भरणाऱ्या नातवाच्या किंवा मुलाच्या पॅनवर करा. विमान आणि हॉटेल तुम्ही स्वतः वेगवेगळं घेतलंत तर पॅकेजवरचा टीसीएस लागतच नाही.

आयसी की एनसी

शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळं बाजारात कुणी दीडशे देऊ लागला तर पुढच्या दुकानात जा. कुणी भाव सांगितला की लगेच विचारायचं, ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय की नेपाळी. टॅक्सीवाल्याचे एक हजार एनसीमध्ये सव्वासहाशे रुपये होतात. हा प्रश्न न विचारल्यानं साठ टक्के जास्त पैसे उगाच जातात. शंभरच्या नोटांची गड्डी घेऊन जा, ती कुठंही चालते. पाचशेच्या आणि दोनशेच्या नोटांचे नियम अलीकडं सैल होत आहेत, पण निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारल्याशिवाय त्या मोठ्या संख्येनं नेऊ नका. मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, त्यामुळं हॉटेल आणि दुकानांत रोख कमी लागते. पूजेसाठी, खुर्ची ढकलणाऱ्यासाठी आणि फुलवाल्यासाठी रोख हवीच.

विम्याबद्दल दोन शब्द. आपल्या घरच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारताबाहेरचा उपचार देत नाहीत. आज्जीच्या वयाला मिळणारा प्रवास विमा आठवड्याला दोन-तीन हजारांत मिळतो, पण आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहावर तो काय देतो, हे त्या कागदावर वाचा. प्रवास रद्द झाला तर काय, हेही वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं तेव्हा विमानतळच बंद झाला होता. गोळ्या लागतात त्याहून आठवडाभराच्या जास्त घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा.

दर्शनाचे दिवस

पशुपतिनाथाचं देऊळ पहाटे चार वाजता उघडतं. भारतीयांना प्रवेश फी नाही. आत चामड्याची वस्तू आणि मुख्य आवारात फोटो चालत नाही, म्हणून पट्टा आणि पाकीट हॉटेलवरच ठेवा. पश्चिम दरवाजानं आत शिरलं की समोर नंदी येतो. सोनेरी मुलाम्याचा, माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठा. सोलापूरची आज्जी तिथं थबकणारच. तिला थबकू द्या, मागून येणाऱ्यांना वाट द्या आणि एका कडेला उभं करून हात टेकवू द्या. गाभाऱ्यातलं लिंग चतुर्मुखी आहे आणि देवळाला चारही बाजूंनी दारं आहेत. पूजेचा मान दक्षिणेतल्या, मुख्यतः कर्नाटकातल्या भट्ट घराण्यांकडं चालत आलेला आहे. घरात कन्नड बोलणाऱ्या आज्जीनं तिथं दोन शब्द बोलून पाहावेत.

सोमवार टाळा. श्रावण आणि महाशिवरात्र तर नक्कीच टाळा, तेव्हाची गर्दी सत्तरीच्या माणसासाठी नाही. मंगळवार-बुधवारी पहाटे जा, मग हॉटेलवर येऊन झोप, आणि संध्याकाळी बागमतीच्या आरतीला पुन्हा. अभिषेक करायचा असेल तर देवस्थानच्या काउंटरवरच पैसे भरा आणि पावती घ्या. घाटावर आजोबांच्या नावानं श्राद्ध करायचं असेल तर गुरुजींशी विधी सुरू होण्याआधी एकूण रक्कम बोलून घ्या, साहित्य धरून, आयसीमध्ये. विधी अर्ध्यावर असताना दक्षिणा वाढवायला सांगितली की डोळ्यांत पाणी असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

बाहेर रुद्राक्षांची दुकानं लागतात. पंचमुखी माळ घ्या, ती स्वस्त असते आणि आज्जीला जपाला हवी तीच असते. हजारो रुपयांना ‘एकमुखी’ म्हणून दाखवला जाणारा गोल मणी घेऊ नका. असा खरा मणी अतिशय दुर्मीळ असतो, तो रस्त्याकडेच्या दुकानात सापडत नाही.

एक पूर्ण दिवस भक्तपूरला द्या. काठमांडूपासून बारा-तेरा किलोमीटर, सार्क देशांच्या पाहुण्यांना प्रवेश पाचशे नेपाळी रुपये. इथं दत्ताचं लाकडी देऊळ आहे, पंधराव्या शतकातल्या यक्ष मल्लाच्या काळातलं. ते एकाच झाडाच्या लाकडातून उभं राहिलं, अशी कथा तिथं सांगतात. अक्कलकोट आणि गाणगापूरच्या वाऱ्या केलेल्या आज्जीला परदेशात दत्त भेटतो, हे तिला आधी सांगू नका. भक्तपुरात वीरशैवांचा जंगम मठही आहे. आणि जवळच सूर्यविनायकाच्या बाजूला डोलेश्वर महादेव. केदार पीठाचे जगद्गुरू भीमाशंकरलिंग शिवाचार्य यांनी २००९ मध्ये डोलेश्वर हेच केदाराचं शिर असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या घरात वीरशैव परंपरा आहे त्यांच्यासाठी पशुपतिनाथ आणि डोलेश्वर दोन्ही करणं हीच या यात्रेची पूर्तता. गाडीच्या त्याच एका दिवसाच्या भाड्यात हे सगळं बसतं.

बौद्ध घरांतल्या आज्जी-आजोबांची ओढ लुंबिनीची असते आणि त्यांच्यासाठी हिशेब उलटा होतो. लुंबिनी भैरहवापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सपाट तराईत आहे. तिथं गोरखपूरचा रेल्वेमार्गच सोयीचा, कारण सीमा ओलांडली की तासाभरात मायादेवी मंदिर आणि अशोकाचा स्तंभ. दोघांचे पस्तीस-चाळीस हजार पुरतात आणि गोरखपूरजवळचं कुशीनगरही होतं. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्या आठवणीसाठी काठमांडूही जोडायचं असेल तर वरचा विमानाचा हिशेब पाहा.

कैलास-मानसरोवराचं स्वप्न आज्जी-आजोबांचं असलं तरी तिथं बहुतेक वेळा नातवालाच जावं लागतं. सरकारी यात्रेत सत्तरीच्या पुढच्यांना प्रवेश नाही आणि वजनाचीही अट कडक आहे. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लिपुलेख मार्गाला माणशी सुमारे १ लाख ७४ हजार आणि नथुला मार्गाला सुमारे २ लाख ८३ हजार खर्च सांगितला होता, आणि एकूण साडेसातशे जणांची निवड झाली.

काही बिनसलं तर

यात्रा कंपनीला पैसे भरताना फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरेसा समजू नका. कंपनीच्या नावाचं बिल, जीएसटी क्रमांकासह, आणि काय मिळणार याचं लेखी पत्रक घ्या. हॉटेलचं नाव लिहून न देता ‘थ्री स्टार किंवा तत्सम’ एवढंच असेल तर ‘तत्सम’ म्हणजे कोणती, ती दोन नावं लिहून मागा. कबूल केलेलं मिळालं नाही तर तिथल्या तिथं फोटो काढा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी तक्रार करा. परतल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा. त्यानंही भागलं नाही तर सोलापुरात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं तक्रारीची फी लागत नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

शेवटचा प्रश्न, निघायचं कधी. उत्तम काळ ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा मार्च-एप्रिल. आपल्या नवरात्रात नेपाळात दशैं असतो, तेव्हा बस-विमानं भरलेली आणि दुकानं बंद. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं उत्तरेतल्या गाड्या आणि दिल्लीची विमानं तासन्तास रखडतात, शिवाय गड्ड्याच्या दिवसांत सोलापूर सोडायला आज्जी तयार होणार नाही. मार्चसाठी निघायचं असेल तर डिसेंबरमध्ये सिद्धेश्वरला चालवून बघा, त्याच आठवड्यात डॉक्टर आणि मतदार कार्ड, आणि जानेवारीत संक्रांत झाली की विमानाचं तिकीट.